अव्वा, आपण परत गाळा घेतला

अव्वा, आपण परत गाळा घेतला. महापालिकेचाच. हे ऐकून तुला राग आला असता की हसू, ते मला अजून ठरवता येत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आज सकाळपासून मला शुक्रवार पेठेतलं आपलं जुनं स्वयंपाकघर फार आठवतंय. ओळीनं मांडलेल्या चुली, पिठानं पांढऱ्या झालेल्या पराती, भिंतीला पाठ लावून बसलेल्या बायका आणि भाकऱ्या थापण्याचा तो आवाज. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, गोवर काढला, दहावीचा अभ्यास केला. अप्पा गेल्यावर तू मामीला आणि शेजारपाजारच्या बायकांना हाताशी धरून कडक भाकरीचा धंदा सुरू केलास. माडीवर जुन्या धोतरांवर भाकऱ्या वाळत पडलेल्या असत आणि शाळेतून आले की माझं पहिलं काम चिमण्या हाकलायचं. तू खालून ओरडतेस, "वर हाईस की झोपलीस?" मी वर तुकडा चघळत बसलेली असते.

मग शेजारच्या काकू आल्या तो दिवस. भांडायला नव्हत्या आल्या. दम लागलेल्या नातवाला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अक्का, धूर लई होतोय हो." तू उठून त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवलास. त्या गेल्यावर बायका कुरकुरायला लागल्या, तर तू म्हणालीस, "तिचं काय चुकत न्हाई." पण त्या दिवशी तुला जेवण गेलं नाही. चुली विझवायच्या तर इतक्या घरांचं काय करायचं, हे तुझ्या तोंडावर दिसत होतं.

त्याच सुमारास महापालिकेनं शहराबाहेर लहान धंदेवाल्यांसाठी गाळे बांधले. सोडतीत तुझं नाव पुकारलं तेव्हा तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी रुतली. पहिल्या दिवशी गाळ्याच्या शटरला झेंडूचं तोरण बांधलंस, डोक्यावरून पदर घेतलास आणि बायकांकडं वळून म्हणालीस, "आता आपण कारखानदार झालो की!" इतकं मोकळं हसताना मी तुला फार वेळा पाहिलं नाही.

गाळा वाईट नव्हता. धूर जायला जागा होती, शेजारी तक्रार करायला कुणी नव्हतं. पण बस मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि तिथून उन्हातली लांब पायपीट. अंगावर पिणारं बाळ असलेली आधी थांबली. मग एकीच्या सासूनं पाय मोडून घेतला आणि तिचं येणं सुटलं. एकेक करत परातीसमोरची जागा रिकामी होत गेली. उन्हाळा लागला तेव्हा पत्र्याखाली तू आणि मामी, दोघीच उरलात. मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटायचं आपल्याला सगळं कळतं. मी म्हटलं, "अव्वा, गाळा सोडू नको. बाया काय, दुसऱ्या मिळतील." तू पीठ मळता मळता थांबलीस. "बाया दुसऱ्या मिळतील? मग तुला अव्वा पण दुसरी मिळंल की." एवढंच. नंतर हात धुतलेस, कानडीत "साकु" म्हणालीस, म्हणजे पुरे झालं, आणि शटर ओढलंस. परतीच्या बसमध्ये तू सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होतीस.

घरी आल्यावर तू लोहार बोलावून चुलींवर धुराडं बसवून घेतलंस, काकूंच्या गच्चीच्याही वर जाईल असं. शिडी धरायला काकूच आल्या होत्या. बायका परत आल्या. तुझ्यामागं मीही तिथंच धंदा चालवत राहिले, जमेल तसा. पण घर थकलं, कामाची माणसं वाढली, आणि गाळ्याचं नाव काढलं की मामी कानावर हात ठेवायची.

मागच्या वर्षी आपल्या गल्लीमागची महापालिकेची शाळा बंद पडली. पोरंच उरली नव्हती. त्या जागी गाळे बांधायचे ठरलं आणि महापालिकेच्या मॅडमनी आम्हां लहान धंदेवाल्यांना बोलावलं. अव्वा, मी कधी चार माणसांत बोलले नाही, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, बायका चालत येतील एवढ्यावर गाळा पाहिजे. लांबचा आम्ही एकदा घेऊन बघितलाय." शाळेचे गणवेश शिवणारे एक चाचा मागून म्हणाले, "सही बोल रही है बेटी." माझ्या बोलण्यानं गाळे झाले असं नाही, जागा तिथं होतीच. पण बोलून खाली बसले तेव्हा तू शेजारी असायला हवी होतीस.

नव्या गाळ्यात पहिल्या दिवशी मामीला रिक्षातून आणलं. तिला आता नीट दिसत नाही. गॅसच्या शेगड्या, उंच ओटा, हे सगळं हातानं चाचपून ती म्हणाली, "हुबं ऱ्हाऊन भाकरी थापू व्हय मी? नाचणारी हाय का?" कामावरच्या पोरी खो खो हसल्या. मग ती सरळ फरशीवर बसली, परात पुढ्यात ओढली आणि थापायला लागली. सिमेंटच्या नव्या भिंतींत तो आवाज आधी परका वाटला. पोरींचे हात त्यात मिसळले आणि तो आपल्या घरासारखा झाला. मला आत थांबवेना. व्हरांड्यात येऊन उभी राहिले, तर मामी आतून हाक मारते, "बाहेर काय करती? बा, आत ये." कानडीत "बा", म्हणजे ये, असं तूच बोलवायचीस मला.

दुपारी चाचा त्यांच्या कारागिरांना घेऊन येतात, आम्ही तुटक्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी मधे ठेवतो. पलीकडचा मोबाईल दुरुस्त करणारा दही आणतो. आपल्या सगळ्या बायका चालत येतात. एकीनंही काम सोडलेलं नाही.

घरातल्या चुली मी काढून टाकल्या. काजळी खरवडली, भिंतींना चुना दिला. येणारे-जाणारे विचारतात, घर खायला उठत नाही का गं? मी मान हलवते, उठतं म्हणते. तसं म्हणायचं असतं. पण हा कागद कुणाच्या हाती पडायचा नाही, म्हणून लिहिते. सकाळी त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात मी एकटी चहा घेऊन बसते. कुणी पीठ मागत नाही, कुणी पाणी मागत नाही. अव्वा, मला ते लई आवडतं.