उंदरांनी खाल्लेलं पत्रक

३ मार्च

चि. पेन्सिल यास ताईचे अ. उ. आ.

रविवारच्या त्या दुपारी आठवतात का रे? जेवणघराच्या फरशीवर खाकी कागद पसरलेला, मी बाबांच्या पुस्तकांना कव्हरं घालतेय आणि तू खळीचं भांडं धरून बसलेला. निम्मी खळ कव्हरांना लागायची, निम्मी तुझ्या पोटात जायची. एवढं करून तू पेन्सिल तो पेन्सिलच राहिलास. आता तुझी सून कळवते की तुझ्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

पत्राला कारण असं की बाबांचा संग्रह आता खरंच घरातून निघालाय. स्वातंत्र्ययुद्धावरची चारशे बारा पुस्तकं आणि पत्रकं. वीस तारखेला ग्रंथालयाच्या बाई न्यायला येणार आहेत. आवरताना खालच्या खणात बाबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांना लिहिलेल्या पत्रांच्या नकला सापडल्या, तब्बल तीस वर्षांच्या. प्रत्येक पत्रात मागणी एकाच पत्रकाची. ते तर आपल्याकडे आहे, नंबर सत्तेचाळीस, लेबलावर माझंच अक्षर. घरात असलेली वस्तू माणूस तीस वर्षं बाहेर का शोधेल? बाबा लिहितात की आपल्या प्रतीचा तळ उंदरांनी खाल्ला. आपल्या घरात उंदीर होते कधी? माझं डोकं चालेनासं झालंय. तुला काही बोलले होते का?

लोभ आहेच, त्याला खळीसारखा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

पट्ट्याची बातमी फोडणाऱ्या सुनेशी मी अबोला धरला होता. तिने ताटात वाढणं कमी केलं, तेव्हा लगेच सोडला.

बाबा मला काहीच बोलले नाहीत. म्हातारपणीचा विसर म्हणावा, तर पहिलं पत्र कुठल्या सालचं आहे ते बघ. आणि तू ते पत्रक वाचलंस का? तू कव्हरं घालायचीस, मी खळ खायचो, वाचायचे ते एकटे बाबा. आधी उघडून बघ, मग डोकं धर.

माया आहे तशी असू द्यावी.

पेन्सिल (आता खडू म्हणायला हरकत नाही)

११ मार्च

चि. पेन्सिल यास अ. उ. आ.

उघडलं. एकच पान. वर ठळक अक्षरात ‘फितुरांची नावं’, खाली अकरा नावं. सातवं आपल्या आजोबांचं, ते मास्तर होते त्या शाळेच्या नावासकट.

मी ग्रंथालयाच्या बाईंना फोन केला, नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, अशा याद्या दोन प्रकारच्या असतात. काही लढणाऱ्यांनीच काढल्या. काही परक्या सरकारने त्यांच्या नावाने खोट्या छापल्या, लोकांनी एकमेकांवर संशय घ्यावा म्हणून. पण सरकारी छापखान्यातल्या माणसांना पानाच्या तळाशी कामाचा बारीक नंबर टाकायची सवय, ती खोट्या कागदावरही सुटली नाही. तळ बघितला की समजतं.

आपल्या पत्रकाला तळ नाही. आणि पेन्सिल, उंदीर नागमोडी कातरत नाहीत. शिवणाच्या वर्गात पहिली आले म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला नागमोडी कात्री दिली होती, आठवते? तिने कापडाची कड कापली की धागे सुटत नाहीत, असं त्यांनी शिकवलेलं. मी बाबांच्या फाटक्या कागदांना तेच केलं. दहा वर्षांची होते. पहिलं पत्र त्याच सालचं आहे.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट कव्हरं छान झाली म्हणून पाठ थोपटली होती. तेव्हा त्यांचा हात कसा लागला, ते आठवायचा प्रयत्न करतेय. आठवत नाही.

आजोबा खरंच तसे होते का रे? लवकर लिही, नाहीतर मी उगाच खोलीभर फिरत राहीन.

ताई

१४ मार्च

ती. ताईस सा. न.

लहानपणी आजोबा मला न्हाव्याकडे न्यायचे. बाकावर त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची, दुकान भरलेलं असलं तरी. मला वाटायचं, मास्तरांचा दरारा. मी खुशाल तिथे पाय पसरून बसायचो. आता त्या बाकाचं काय समजायचं ते कळत नाही.

माझं ऐक, चारशे अकराच दे. सत्तेचाळीस नंबर माझ्याकडे पाठव. नाहीतरी कोण मोजतंय?

पण एक सांगायलाच हवं. तू कापलेल्या पट्ट्या मी फेकत नव्हतो. खळ लावून कव्हरांच्या आत, पुस्तकांच्या पाठीला चिकटवायचो, मजबुतीसाठी. म्हणजे तो तळ अजून त्याच खोलीत असणार. हे तुला कळवावं की नाही, या घोळात दोन कागद फाडले.

रागावू नकोस, रागावलीस तर फार दिवस नको.

पेन्सिल

१९ मार्च

चि. पेन्सिल यास अ. उ. आ.

दोन दिवस ओलं फडकं लावून कव्हरं सोडवतेय. तुझी खळ अजून घट्ट आहे. तेवीस पट्ट्या निघाल्या. नऊ पट्ट्यांवर बारीक नंबर आहे, चौदा कोऱ्या. आणि नागमोडी कड कुठल्याही नागमोडी कडेत बसते. सत्तेचाळीसला एकेक लावून पाहिली. नंबरवाली बसली की आजोबा सुटतात, कोरी बसली की अडकतात, आणि दोन्ही छान बसतात. शेवटी मी चष्मा काढून ठेवला.

बाई म्हणतात, भिंगाखाली कागद जुळवणारा माणूस त्यांच्याकडे आहे. तेव्हा मी चारशे बारा देते. ते पान लपवलं, तर त्या बाकावर आपणही त्यांच्यापासून लांब बसलो असं होईल.

आता नीट वाच. पुस्तकं, पत्रकं आणि पाकिटात घातलेल्या तेवीस पट्ट्या ग्रंथालयाला. पाकिटावर मी लिहिलंय की कड मी कापली, उंदरांनी नाही. निकालाचं पत्र तुझ्या पत्त्यावर येईल. तू आधी वाच, मग फोन न करता इथे येऊन, माझ्या शेजारी बसून सांग. आवरताना सापडलेला आजोबांचा चष्मा तुझ्या नातीला, निकाल काहीही लागो. नागमोडी कात्री तुझ्या सुनेला, फक्त कापडासाठी.

बाबांची उंदरांची पत्रं मात्र कुणाला द्यायची नाहीत. ती माझी.

ताई