काकांनी ठेवलेली पुस्तकं

पेण

प्रिय मनस्वी,

फोनवर हे सांगता सांगता मला रडू आलं असतं, म्हणून लिहायला बसले.

आपल्या वाचनालयात सध्या जुनी पुस्तकं बाद करायचं काम चाललंय. पावसात मागची भिंत ओलावली आणि कपाटांत बुरशी शिरली. बुरशीचं पुस्तक चांगल्याला खेटून राहिलं की तेही जातं. काहींची मधली पानंच गळालीत. औषधोपचारांची पुस्तकं तर इतकी जुनी, की त्यातलं वाचून कुणी उपाय केला तर जिवावर बेतेल. नव्या पुस्तकांना जागा नाही ती वेगळीच.

तरी माझा हात धजेना. ही पुस्तकं तुझ्या बाबांनी ग्रंथपाल असताना हौसेनं आणलेली. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. नवी होते तेव्हा पोतंभर पुस्तकं रद्दीत जाताना पाहून मला वाईट वाटलं होतं, तर म्हणाले होते, "फाटकं पुस्तक बघून वाचणारा माघारी गेला, तर भरलेल्या कपाटाचा काय उपयोग गो?" म्हणून या वेळी त्यांनाच बोलावलं. गेल्या शनिवारी रोह्याहून गाडीनं एकटेच आले.

मी एकेक पुस्तक हातात देत गेले. काका पानं चाळत, पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "राहू दे हे." काळं पडलेलंही राहू दे, अर्धं उरलेलंही राहू दे. आमचा शिपाई निकेश हसला, तर त्याच्यावर खेकसले. मला वाटलं, वयानं माया वाढली असेल. दुपार उलटली तरी एकही पुस्तक बाद झालं नव्हतं. शेवटी मी वैतागून एक पुढे केलं. म्हटलं, "काका, यातलं एक अक्षर तरी दिसतंय का?"

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "कुठल्याच पुस्तकातलं दिसत नाय, रुखसार."

वर्ष होत आलंय, मनू. कडेचं दिसतं, समोरचं सगळं धुरकट. मागच्या महिन्यात रोहा समजून अलीकडच्या निडी स्टेशनावर उतरले आणि पुढच्या गाडीपर्यंत तिथेच बसून राहिले. मी विचारलं, मग सगळीच का ठेवलीत? तर म्हणाले, "न बघता बाद कसं करू? एखादं चांगलं गेलं असतं तर?"

त्यानंतर प्रत्येक पुस्तकाची अवस्था मी बघून सांगितली आणि त्यांनी ठरवलं. "काढ," म्हणताना एकदाही आवाज कापला नाही. निकेशनं गठ्ठे बाहेर नेले तेव्हा मात्र भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. संध्याकाळी निकेश त्यांना रोह्यापर्यंत पोचवून आला.

हे तुला कळवायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तू त्यांना नाशिकला घेऊन जाशील आणि रोह्याचं घर सुटेल, ही धास्ती. मी मान डोलावली होती, पण ती त्यांना दिसली का, कोण जाणे. इथल्या डॉक्टरांना विचारलं. काकांना तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही म्हणाले, पण उशीर करू नका, उरलेली नजर वाचवता येईल कदाचित. तू ये. त्यांनी कुठे राहायचं ते आल्या आल्या ठरवू नकोस, आधी त्यांना विचार. माझ्यावर रागावतील ते, रागावू देत. या शनिवारी पुन्हा एकटेच पेणला यायचं म्हणतायत. त्याआधी पोच.

तुझीच,
रुखसार