ठाणं, बंब आणि आमची समिती

८ जानेवारी, बुधवार

माझी चिठ्ठी निघाली! माझी!

नगर पंचायतीच्या हॉलात वॉर्डावॉर्डाचे डबे मांडले होते, शाळेत खिचडीला असतात तसले. मुख्याधिकारी मनस्विनी मॅडम माईकवर समजावून सांगत होत्या – पोलीस ठाणं आणि अग्निशमन दोन्ही गावासाठी, मग त्यांच्या कामावर गावातल्याच लोकांनी नजर ठेवायची. जिल्ह्याकडून प्रयोग म्हणून समिती. काय तपासायचं, कसं तपासायचं, ते आधी समितीनंच ठरवायचं. शेजारणींनी डिवचलं म्हणून मी नाव टाकलं होतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं तरी मी बसूनच!

बाहेर आल्यावर आठवलं – अगं बाई, आपला नवरा ठाण्यात हवालदार!

घरी हे बूट काढत होते. सांगितलं. एक बूट हातात धरून बघतच राहिले. "म्हंजे आता तू माझ्यावर नजर ठेवणार?"

सासूबाई आतून ओरडल्या, "बरं झालं बाई! मला एकटीला जमंना झालतं!"

हसून हसून माझं पोट दुखलं. हे नाही हसले.

९ जानेवारी

माझ्याकडं पाठ करूनच बूट घातले. डबा मात्र नेला.

११ जानेवारी, शनिवार

पहिली बैठक. अध्यक्ष शरदचंद्र सर. ते शाळेत भूगोल शिकवायचे, आता रिटायर आहेत. बसतोय न बसतोय तोच मेडिकलवाले आदर्शभाऊ म्हणाले, "हवालदाराची बायको समितीत? ठाण्याची बातमी घरी आन् घरची ठाण्यात!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं तर हाच प्रश्न मला दोन रात्री झोपू देत नव्हता. उभी राहिले. म्हटलं, "भाऊ बरोबर बोलले. ह्यांच्याविषयी तक्रार आली की मी खोलीबाहेर. आत काय झालं ते मी विचारायचं नाही, मला कुणी सांगायचं नाही. लिहून घ्या."

सर म्हणाले, "हा आपला पहिला नियम."

पहिला नियम – माझा! रस्त्यानं येताना उगाचच ताठ चालत होते. दुकानात बसून तीन ब्लाऊज शिवले, एकाचं हुक उलटं लागलं.

१३ जानेवारी, सोमवार

बाजाराचा दिवस. समिती बंबाच्या शेडवर गेली. ड्रायव्हर वीरण्णा उदगीरकडचा, निम्मं कानडी बोलतो. "बन्नी अक्का, बन्नी!" – या, या – म्हणत त्यानं स्टूल पुसलं. बंब तर असा लख्ख की त्यात कुंकू बघून लावावं! पाणी भरलेलं, पाईप गुंडाळलेला. काहीच खोट सापडेना.

मग वीरण्णानं गेटाबाहेर बोट दाखवलं. गेटाच्या तोंडाशीच भाजीवाल्यांची पालं. मधोमध सरजाबाईची मेथी.

"सोमवारी आग लागली तर मी बंब डोक्यावर घेऊन जाऊ का?"

सरजाबाई तिथूनच, "आन् मी मेथी कुठं मांडू, तुह्या डोक्यावर?"

आदर्शभाऊ म्हणाले, पोलीस बोलवा, उठवा. मी म्हटलं, थांबा. स्टँडवर उतरलेलं गिऱ्हाईक ह्याच कोपऱ्यावरून जातं. बाई दुसरीकडं बसली तर भाजी परत घेऊन जायची वेळ येईल. बंबालाही वाट पाहिजे हे खरं. दोन्ही खरं! डोकं भणभणलं.

१५ जानेवारी, बुधवार

आमच्याकडं हळदीकुंकू. वाणाला सासूबाईंनी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. गप्पांत मी विचारलं, ठाण्यात काय बदलावं वाटतं? सगळ्या गाळण्या निरखायला लागल्या. मग एक जण म्हणाली, "तिथं बाकड्यावर सगळे गडीच गडी. त्यांच्यासमोर घरातलं कसं सांगावं?" मग जी सुरुवात झाली! दूध आटून गेलं तरी बोलणं संपेना.

रात्री सुचलं. ब्लाऊजचं माप घ्यायला मी दुकानात पडदा लावते. ठाण्यात तर त्याहून अवघड गोष्ट सांगायची असते! बायकांसाठी बाजूची खोली, बाई शिपाई, तक्रारीची पोच. समितीच्या आराखड्यात टाकायचंच.

विष्णुपुरीहून अक्षराचा फोन. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर सगळ्यांना सांगितलंय म्हणे, माझी आई पोलिसांची साहेब आहे! खोटारडी पोरगी.

१८ जानेवारी, शनिवार

ठाण्यात आराखडा मांडला. ठाणेदार साहेब हाताची घडी घालून. "खोली कुठंय? एक आहे, ती जप्तीच्या गाड्यांनी भरलीय. बाई शिपाई बंदोबस्तात." सर भूगोल शिकवल्यासारखे शांत. मॅडम म्हणाल्या, गाड्यांना नगर पंचायतीच्या गोदामात जागा देते. साहेब म्हणाले, "बघू."

हे कोपऱ्यात उभे, भिंतीकडं बघत.

घरी आल्यावर – "चारचौघांत माझ्या साहेबाला अडचणीत आणलंस."

"साहेबांना आणलं. तुम्हाला नाही."

"मला तिथंच नोकरी करायचीय, अयोध्या."



२० जानेवारी, सोमवार

आज समितीची पहिली उघडी बैठक, कुणीही यावं आणि बोलावं. पहिलीच सरजाबाई उठली. माझ्याकडं बघून जरा अडखळली, मग बोललीच. "हवालदार वैजनाथ माझा तराजू उचलून घेऊन गेला. रस्त्यात बसली म्हणून. आजून दिला न्हाई."

माझ्या कानात गरम शिसं! सरांनी नुसतं पाहिलं. मी पदर खोचला आणि बाहेर आले.

पायरीवर बसले. थोड्या वेळानं हे आले, बोलावणं गेलं होतं. माझ्यासमोरून आत गेले, बघितलंही नाही. आतून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. खरं लिहिते – ह्यांचा पाणउतारा होईल म्हणून भीती वाटत होती, आणि नुसतेच सोडून देतील म्हणूनही भीती वाटत होती. दोन्ही एकाच वेळी!

दार उघडलं. सरजाबाई हसत बाहेर. मागून हे, कान लाल. मी विचारलं नाही. नियम!

२१ जानेवारी, मंगळवार

सरजाबाई ब्लाऊजपीस घेऊन दुकानात हजर. मी म्हटलं, मावशी, कालचं मला सांगू नका.

"नियम तुला हाय. मला न्हाई!"

आणि सगळं सांगितलं. हे सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, चुकलं माझं. बंबाला वाट पाहिजे म्हणून डोकं फिरलं, पण ते सांगायचं सोडून तराजूच उचलला. आज सकाळी मोटारसायकलवरून स्वतः तराजू तिच्या घरी पोचवला, चहाही पिऊन आले.

वर मावशी म्हणते, "तसं आधीच सांगायचं की! बंबाला वाट मी काढून देते. पर कोपरा सोडणार न्हाई."

रात्री ह्यांनी आपणहून दुसरी भाकरी मागितली. म्हणाले, "तू आत असतीस ना, तर मला बोलताच आलं नसतं. चांगला हाय तुझा नियम."

मला रडायला आलं. सासूबाई म्हणाल्या, "मिरची लागली का गं?"

२४ जानेवारी

सरजाबाईचं ठरलं. पालांचे बांबू काढून टाकायचे, माल चादरीवर मांडायचा. शिट्टी वाजली की चादरीचे चार कोपरे धरायचे आणि बाजूला! शिट्टी तिच्याच गळ्यात. भाजीवाल्या ऐकतात फक्त तिचं.

२७ जानेवारी, सोमवार

काय दिवस होता! भर बाजारात तालीम. कुणाला वेळ सांगितली नव्हती. मॅडमनी वीरण्णाला फोन लावला – स्टँडमागं मैदानात कडबा पेटलाय! (आम्हीच पेटवला होता, थोडासा.)

शिट्टी! सरजाबाई रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर, "उचला गं! उचलाऽऽ!" मेथी, वांगी, अर्धापूरची केळी, सगळं चादरीसकट कडेला. वीरण्णानं भोंगा वाजवला आणि बंब असा सुळकन निघाला की आम्ही सगळे मागं पळत सुटलो – सर, आदर्शभाऊ, मी चप्पल हातात घेऊन! हे चौकात उभे, एसटी अडवून धरलेली.

कडबा विझला तरी वीरण्णा थांबेना. पोरं पाण्यात नाचायला लागली. पाईप जरा वळला आणि बघायला आलेले ठाणेदार साहेब टोपीपासून बुटापर्यंत चिंब! नाचणारी पोरं जागच्या जागी. साहेबांनी टोपी काढली, पाणी झटकलं – आणि हसायला लागले. मग काय, टाळ्या, शिट्ट्या, सरजाबाईची तर थांबेचना!

ओल्या कपड्यांनीच साहेब मॅडमना म्हणाले, "गाड्या उद्या हलवतो. खोली घ्या तुमची."

३० जानेवारी

खोली झाली. पडदा मी शिवला, हिरवा. दांडी ह्यांनी ठोकली, वाकडी. बाई शिपाई शिवम्मा देगलूरची आहे. मोठ्यानं हसते, हळू बोलते. अजून कुणी आलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाई आज थोरल्या जाऊबाईंना, गीतांजलीबाईंना, हाताला धरून ठाण्यात घेऊन गेल्या. मला नाही सांगितलं, ह्यांनाही नाही. पडद्याआड बसून शिवम्माला जाऊबाईंच्या पाठीवरचे वळ दाखवले आणि भगवानरावांविरुद्ध तक्रार लिहवली. स्वतःच्या थोरल्या लेकाविरुद्ध! एका गल्लीत राहून मला कधी कळलं नाही.

दुपारी दोघी आल्या. ह्यांनी जाऊबाईंची पिशवी आत नेऊन ठेवली. सासूबाईंनी पाय धुतले आणि म्हणाल्या, "गीतांजली आता हितंच राहील. तिच्या वाटची भाकर टाक."