पाहुण्यांसाठी चुना

राऊ, इंदूर
दि. ६ नोव्हेंबर १९९३

चि. नंदिनीस आजीचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

वि. वि. मी कौसल्या, तुझ्या बापाची आई, जरा बुटकी, तंबाखूची डबी कमरेला. ओळख पटली का? नाही पटली तरी पुढे वाच. अक्षर तुझ्या आईचं आहे, त्यामुळे तिची चुगली करता येत नाही.

मिलला कुलूप लागल्यावर तुझा बाप रत्नपाल वर्षभर खाटेवर पडून पंखा बघत होता. आता पहाटेच शेडमध्ये जाऊन कोंबड्यांशी गप्पा मारतो. माझ्याशी मारत नाही, पण चालेल. शेजारच्या नव्या कॉलनीला मात्र वास येतो. त्यांनी शेड हटवा म्हणून पंचायतीत अर्ज दिलाय. तिथले अच्युतजी रुमाल नाकाला लावून सांगायला आले की अम्मा, बहुत बदबू है. शेड कॉलनीच्या आधीची, म्हणून मी विचारलं, भिया, प्लॉट बघायला आलात तेव्हा नाक घरी ठेवलं होतं का?

तुझ्या मुंबईच्या प्राणीवाल्या संस्थेची माणसं येतील, कोंबड्या मोकळ्या, मजेत आहेत असं लिहून देतील, मग पंचायत ऐकेल, असं तू कळवलंस. येऊ देत. आपल्या घरी पाहुणा आला आणि भिंतीला चुना नाही, असं कधी झालेलं नाही.

लोभ आहे, तो आठवणीत ठेव.
अंगठा आजीचा, अक्षर आईचं

मुंबई
दि. २ डिसेंबर १९९३

ती. आजीस नंदिनीचा सविनय जयभीम.

वि. वि. आमच्या संस्थेचे शैलजा आणि शाम राऊहून परत आले. त्यांनी काढलेले फोटो मी बघितले. अर्धी शेड रिकामी, आणि उरलेल्या अर्ध्यात सगळ्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावर. बाबा असे ठेवत नाहीत, हे मी परोपरीनं सांगितलं. शैलजा म्हणाली, कुठलीही मुलगी बापाबद्दल हेच बोलेल. तो फोटो इंदूरच्या पेपरातही आला आणि अच्युतकाकांनी तोच पंचायतीत दाखवला, असं आईनं कळवलं.

अर्धी शेड रिकामी का होती गं? बाबांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. त्यांच्या भल्यासाठीच मी माणसं पाठवली होती, हे तू तरी सांग त्यांना.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.
तुझी नंदिनी

राऊ, इंदूर
दि. १९ डिसेंबर १९९३

चि. नंदिनीस आशीर्वाद.

वि. वि. अर्धी शेड रिकामी होती, कारण तिथला चुना ओला होता. रत्नपाल नको नको म्हणत होता, की कोंबड्या हलवल्या तर बिचकतात, कोपऱ्यात गर्दी करतात. मी म्हटलं, मुंबईची माणसं येणार, आपली इज्जत आहे की नाही? तुझे पाहुणे सांगितल्या तारखेच्या आदल्या दिवशीच दारात. मी त्यांना ओल्या भिंती दाखवल्या, सांगितलं की हे सगळं तुमच्यासाठीच. दोघांनी माना डोलावल्या, पोहे दोनदा घेतले. फोटोत कोंबड्या आल्या, चुना आला नाही.

पंचायतीनं शेड बंद करवली. देवासच्या व्यापाऱ्यानं कोंबड्या नेल्या, टेम्पोत, पिंजऱ्यावर पिंजरा रचून. तो फोटो काढायला कोणी नव्हतं.

तुझा निरोप मी रत्नपालला सांगितला. म्हणाला, मला ठाऊक आहे, पोरीचं मन चांगलं आहे. मग लिही की दोन ओळी, म्हटलं, तर म्हणतो काय लिहू, आता खबर काय आहे? तुझ्यावर रागावला नाही. माझ्यावरही नाही, तेच टोचतं. अजून पहाटे उठतो, शेडपर्यंत जातो, परत येऊन खाटेवर बसतो. भिंती मात्र पांढऱ्याशुभ्र आहेत.

परवा अच्युतजी आले, रुमाल खिशात. विचारत होते, अम्मा, घरची अंडी मिळतील का?

बापाला पत्रं टाकत राहा. तो वाचतो, उशीखाली ठेवतो. आमचा लोभ कुठे जात नाही.
अंगठा आजीचा, अक्षर आईचं

ता. क. कोणाच्या हाती सुकट पाठव, चांगली वासाची. तुझ्या बापाच्या तोंडाला चव नाही, आणि कॉलनीलाही तक्रारीला काहीतरी पाहिजे.