शेतानेच कुंपण खाल्लं

३ मार्च
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: सरकारचं 'जिवंत कुंपण अनुदान' मिळवायचं. शेताच्या कडेने तारा-खांबांऐवजी झुडपं लावायची. झुडपांत पाखरं येतात, मधमाश्या येतात, मागोमाग सरकारचे पैसे येतात. पर्यावरण खूश, आपण खूश.
ही म्हणाली, अहो, आपल्याकडे कुंपण आहेच की.
बायकोला योजना कळत नाहीत. सोडून दिलं.

४ मार्च
झेरॉक्सच्या दुकानात पडद्यामागे फॉर्मवाला बसतो, त्याच्याकडे गेलो. फॉर्म दोन पानी. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'नवीन लागवड' आणि भरघोस रक्कम. दुसरं पान बारीक अक्षरांचं. म्हणजे अटी. अटी बावळट लोकांसाठी असतात.
फॉर्मवाला म्हणाला, काका, मागचंही वाचा. त्याला म्हटलं, सातवीनंतर जे शिकलो ते माझं मी शिकलो. मला शितावरून भाताची परीक्षा होते.
अडचण एवढीच की सुरुवातीचा फोटो मोकळ्या जमिनीचा हवा. आणि आमच्या कडेला दादाने लावलेलं चाळीस वर्षांचं कुंपण. काटेरी, अस्ताव्यस्त, डोक्यापेक्षा उंच.

५ मार्च, पहाटे
सुचलं! कुंपण काढून टाकायचं. जुनं गेल्याशिवाय नवीन कुठे लावणार? इतकी सोपी गोष्ट गावात कुणाला सुचली नाही.

७ मार्च
वहिनींच्या कानावर घातलं. दादा गेल्यापासून त्या आमच्यातच असतात, पण अर्धा जीव त्या कुंपणापाशी. त्यांच्या चार मधपेट्या तिथे सावलीला आहेत. दादा होता तेव्हापासूनच्या.
म्हणाल्या, भाऊजी, मधमाश्या याव्यात म्हणून मधमाश्यांचं घर पाडताय?
समजावलं, पाडत नाही, अपग्रेड करतोय.
म्हणाल्या, माश्यांना सांगितलंत का तसं?
ही म्हणते तो टोमणा होता. मला साधा प्रश्न वाटला. पुढे म्हणाल्या, निदान दोन महिने थांबा, फुलोरा संपू द्या, मग बघू. पण फॉर्मची शेवटची तारीख पंधरा मार्च. फुलोऱ्याला मुदतवाढ मिळते, फॉर्मला मिळत नाही.

१० मार्च
कटरवाला बोलावला. चाळीस वर्षांचं काम अर्ध्या दिवसात. प्रगती म्हणतात ती हीच. पाखरांनी फार कलकलाट केला. त्यांना योजनेची माहिती नाही.
फांद्या जागीच पेटवल्या. धूर थोडा मधपेट्यांकडे गेला. वाऱ्याची दिशा काही माझ्या हातात नाही.
ढिम्म्या पलीकडून बघत होता. हा शेजारी. पायवाटेच्या पल्याड त्याचं शेत. त्याच्या कुंपणालाही रोपं दादानेच दिलेली, पण गड्याने जन्मात एक फांदी छाटली नाही. नुसतं रान माजलंय. मला विचारलं, काय पेटवलंस रे? म्हटलं, पर्यावरणाचं काम चाललंय.
म्हणाला, दिसतंय.

११ मार्च
फोटो उत्तम आला. जमीन टकलासारखी स्वच्छ. अपलोड होईना. सेशन एक्सपायर, सेशन एक्सपायर. पाचव्या वेळी गेला. चिकाटी लागते.

१९ मार्च
रोपांचा पत्ता नाही, पण पाटी तयार. हिरव्या ऑइल पेंटने, पदरच्या पैशाने: 'येथे मधमाश्यांचे स्वागत आहे.' सकाळी ठोकली आणि तासाभरात एक मधमाशी येऊन पाटीवर बसली! डोळे भरून आले. हिला हाक मारून दाखवली.
संध्याकाळी पाहिलं तर माशी तिथेच. रंग ओला होता.

२४ मार्च
वहिनींच्या दोन पेट्या रिकाम्या निघाल्या. माश्या उठून गेल्या. उन्हामुळे असेल.  दोन दिवस वहिनींच्या हातचा चहा मिळतोय, पण कप ठेवल्याचा आवाज मोठा येतो.
ही म्हणाली, कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकून होते. शेताने कुंपण खाल्लेलं पहिल्यांदाच बघतेय.
दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात घरचा विरोध असतोच.

२६ मार्च
उरलेल्या दोन पेट्या वहिनींनी ढिम्म्याच्या कुंपणाखाली नेऊन ठेवल्या. एक पेटी ढिम्म्याने उचलली म्हणे. ढिम्म्या जागचा उठला! माझ्या योजनेचा पहिला परिणाम.

२ एप्रिल
रोपं आली. तीनशे. पर्यावरणाची रोपं, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत. दिवसभर खड्डे खणले. कंबर माझी राहिली नाही. उद्यापासून रोज पहाटे बादलीने पाणी.

३ एप्रिल
कंबर. परवापासून.

२१ एप्रिल
काही रोपं माना टाकून आहेत. विश्रांती घेत असावीत. पूर्वी नव्हता इतका वारा सुटतोय, सगळी धूळ थेट शेतात. वाळून काड्या झालेलीसुद्धा धरून मोजली तर हिरवी रोपं साठ. काड्या सोडल्या तर एकवीस. काड्या धरायच्या.

५ मे
तपासणीच्या बाई आल्या. वयाने लहान, पायात बूट, हातात टॅब. पाटी वाचली आणि हसल्या. मला बरं वाटलं. मग खाली वाकून तोडलेल्या जुन्या बुंध्यांवरून हात फिरवला. मग टॅबवर गेल्या वर्षीचा आकाशातून काढलेला फोटो दाखवला. म्हणाल्या, काका, केवढं देखणं कुंपण होतं हो इथे!
मी म्हणून गेलो, मग! आमच्या दादाने लावलेलं.
बाईंनी टॅबवर काहीतरी टिपलं. मग सांगितलं: जुनं कुंपण तोडून केलेली लागवड अपात्र. जुनं कुंपण नुसतं राखलं तर दरवर्षी अनुदान. काही करायचं नाही. फक्त तोडायचं नाही. दुसऱ्या पानावर आहे.
मी आवाज चढवला. एवढी महत्त्वाची गोष्ट पहिल्या पानावर का नाही छापली?
म्हणाल्या, जागा नव्हती काका. तिथे मंत्रीसाहेबांचा फोटो आहे.
फॉर्म काढून पाहिला. आहे. हातात रोपटं घेऊन उभे आहेत. पिशवीसकट.

१२ मे
ढिम्म्याला अनुदान मंजूर. चाळीस वर्षं काही न केल्याबद्दल. फॉर्म वहिनींनी भरून दिला होता, मुदतीच्या शेवटच्या दिवशी. त्यांनी म्हणे दुसरं पान आधी वाचलं.
घरी संतापलो. एवढे दिवस घरातलं एक माणूस मला बोललं नाही की कुंपण आहे तेच ठेवा? ही म्हणाली, पहिल्याच दिवशी बोलले होते.
शक्य नाही. खात्रीसाठी रोजनिशी उघडली.
तीन मार्च. 'बायकोला योजना कळत नाहीत', त्याच्या वरचीच ओळ.

१३ मे, दुपारी
डबा घेऊन शेतावर गेलो. पूर्वी कुंपणाखाली बसायचो. आता बसायला सावली नाही. थोडा वेळ उन्हात उभा राहिलो, मग पायवाट ओलांडली. ढिम्म्या आणि वहिनी त्याच्या कुंपणाखाली बसले होते. पेट्यांतून माश्यांची ये-जा चालू होती. ढिम्म्या म्हणाला, ये, बस.  वहिनी जरा सरकल्या.
बसलो. डबा खाल्ला.
तिथून माझी पाटी अगदी स्पष्ट वाचता येते. मध्ये काहीच नाही.