आंब्याचं सुकं लाकूड

४ मे

सोडलं एकदाचं पाणी! बाबांनी आज अमृतराव घाटावर, सगळ्या मराठी मंडळींसमोर, ओंजळीत गंगेचं पाणी घेऊन संकल्प केला — आमच्या घरात यापुढे लाकडाची चिता नाही, विजेवरच दहन. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी! काशीतल्या निम्म्या मराठी घरांचे अंत्यविधी ज्यांनी केले, त्यांनी.

मग एकेका घराचा कर्ता पुढे. वेणीमाधवकाका धोतर सावरत म्हणाले, "यज्ञेश्वर करतो, तर आम्हाला कसलं पाप?" झालं! मी विद्यापीठात घसा फोडून शिकवते — एका चितेमागे अख्खं झाड जातं, आणि त्या झाडाची खरी किंमत कुणीच मोजत नाही. ऐकतंय कोण? बाबांनी एका सकाळीत करून दाखवलं. घरी येऊन त्यांच्या पाया पडले. खरंच पडले!

९ मे

आणखी घरं तयार. विश्वेश, माझा चुलतभाऊ, या कामात माझ्या जोडीला असतो. तो म्हणतो, "ताई, अब तो पूरा मोहल्ला मान जाएगा." आई तेवढी गप्प. उन्हाळा बाधलाय म्हणते.

१७ मे

वखारीत गेले होते, अभ्यासासाठी चितेच्या लाकडाचे भाव विचारायला. वखारवाला हसून म्हणतो, "दीदी, आप काहे परेशान होती हैं? बाबूजी तो खुदे रखवा गए हैं. आम की, एकदम सूखी." कधी? "परसों."

परवा! संकल्पाचं पाणी हातावर वाळलं तरी का!

घरी येऊन विचारलं. "चितेचं लाकूड घेतलंत?" — "घेतलं." बस्स. पंचांगातून मान वर नाही. मी ओरडले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — तोंडावर म्हटलं. ते उठून गच्चीवर गेले. जन्मदात्यानं केसानं गळा कापला माझा.

१८ मे

बोलत नाही त्यांच्याशी. बोलणारही नाही.

२१ मे

गल्लीत कळलं. काशीत काय लपतं? वेणीमाधवकाकांनी दारातच अडवलं — "बापाला लाकूड आणि आम्हाला भट्टी होय गं?" शब्द मागे घेतला त्यांनी. त्यांच्यामागून बाकीच्यांनीही. विश्वेश फोन उचलत नाही.

मीच शिकवते ना — सगळ्यांनी मिळून रान राखायचं ठरवावं, आणि एकानं चोरून ओरबाडलं की बाकीचे कशाला थांबतील? तो एक जण माझ्याच घरात निघाला! काका बोलत होते तेव्हा बाबा मागेच उभे होते. चकार शब्द नाही. निदान खोटं तरी बोला, बाबा! फार लागलंय मला.

२३ मे

आज आईनं दार लावून समोर बसवलं. "लाकूड माझं आहे. यांना मीच पाठवलं, गप्प राहायलाही मीच सांगितलं. ते विजेवरच जाणार, त्यांनी शब्द दिलाय. माझा शब्द कुणी मागितला?" मग डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. पावसाळा निघायचा नाही म्हणे.

"मला त्या भट्टीची भीती वाटते गं, मालू. आता सांग, मला कुठे नेशील?"