कर्ण्यातून तीन हाका

३ जानेवारी १९४४, कळंब
आलो बाबा एकदाचा! लोहाऱ्याहून निघताना सासूबाई म्हणाल्या, प्लेगच्या गावाला कशाला जाता. अहो, प्लेग आहे म्हणून तर मला बोलावलंय! जिनिंगच्या मालकांना साठ माणसं धडधाकट ठेवायचीत आणि ते काम या महांतप्पाचं. इरम्मा माहेरीच आहे, दिवस भरत आलेत. मुलगी झाली तर बरं, असं मी म्हटलं तर सासरे हसले. हसोत बापडे.

जिनिंग फिरून बघितलं. इंजिनाची धडधड एवढी की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. पण कापसाच्या गोदामात पाय टाकला अन् सगळं गपगार! छताला भिडलेला कापूस. टाळी वाजवली तर माझीच टाळी मला नीट ऐकू येईना. मजा वाटली.

५ जानेवारी
नियम लावले. सकाळी फाटकावर रांग, सगळ्यांनी हात वर करायचे. बायकांच्या काखा गावातली सुईण चन्नम्मा बघणार, बाप्यांच्या फाटकावरचा बशीर. गाठ नसली तरच आपल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळेल, तो संध्याकाळी परत आपल्या खिळ्याला. गाठ निघाली की थेट माळावरच्या झोपडीत, घरी न जाता. मीसुद्धा रांगेत उभा राहणार. नियम म्हणजे नियम.

मेलेला उंदीर दिसला तर त्याच दिवशी ती जागा बंद करायची. आधी दारावरच्या झरोक्यातून तीन हाका, त्याही पत्र्याच्या कर्ण्यातून, म्हणजे कुणाला आत जायला नको. मग मोठ्यानं 'उत्तर नाही' म्हणायचं, वहीत लिहायचं, गंधकाची शेगडी आत सरकवून कुलूप घालायचं अन् फटींत कापूस कोंबायचा. दोन दिवस उघडायचं नाही. कर्णा ही माझी युक्ती! बशीर म्हणाला, साहेब, लई डोकं हाय तुमचं. व्हय, हायच.

११ जानेवारी
एकेचाळीस नंबरची सकिनाबी दुपारी कामावर चक्कर येऊन पडली. चन्नम्माला काखेत गाठ लागली. सकिनाबीनं माझे पाय धरले. तीन महिन्यांचं लेकरू उपाशी हाय, एकडाव पाजून येते, मग कुठं बी टाका, म्हणाली. मी न्हाय म्हटलं. वाईट वाटलं, पण लेकराच्याच भल्याचं होतं ते. गाडी जुंपेपर्यंत बाई पसार. घरी पळाली असेल म्हणून मागं माणूस धाडला.

तेवढ्यात गोदामाच्या दाराशी मेलेला उंदीर सापडला. तीन हाका मीच दिल्या. उत्तर नाही. धुरी दिली.

१३ जानेवारी
गोदाम उघडलं. सकिनाबी दाराच्या आतल्या बाजूला पडलेली. नखांत लाकडाची कुसं, मुठीत बिल्ला.

लपून बसली असणार, गाडी जाईपर्यंत. बशीरनं विचारलं, तिनं ओ दिली नव्हती का. मी म्हटलं, दिली असती तर उघडलं नसतं का? माझ्या आवाजाला भ्याली, म्हणून गप्प राहिली. वहीत मरणाचं कारण प्लेग लिहिलं. बिल्ला चुन्याच्या खड्ड्यात टाकला. जेवलो नाही.

१६ जानेवारी
तिचं लेकरू बशीरच्या घरात आहे. त्याची बायको पाजते, पण पोर तोंड फिरवतं म्हणे. आज बघायला गेलो अन् उंबऱ्यातूनच परतलो. मला रडू आवरेना.

ओ दिली असती तर उघडलं असतं. नक्की उघडलं असतं.

१९ जानेवारी
खिळ्याला एकेचाळीसचा बिल्ला आहे. चुना लागलेला. गंधकाचा वास. बशीरला विचारलं तर त्याला तिथं रिकामा खिळाच दिसतोय.

२१ जानेवारी
रांगेत माणसं एकोणसाठ. हात वर झाले तेव्हा मोजले. साठ जोड्या. परत मोजले. साठच. शेवटच्या हातांच्या नखांत—

चन्नम्मा शेवटच्या बाईला बघून मागं फिरली. पुढं कुणीच नव्हतं म्हणाली.

२३ जानेवारी
लोहाऱ्याहून चिठ्ठी. मुलगी झाली. इरम्मा सुखरूप. नाक माझ्यावर गेलंय म्हणे. माझी लेक! दिवसभर चिठ्ठी छातीशी धरून होतो.

संध्याकाळी अंघोळीला बसलो. काखेत हात लागला.

२४ जानेवारी, सकाळ
रांगेत गेलो नाही. गावातलं झोपडीत गेलेलं कुणी परत आलं नाही. लेकीला जवळ घेणार नाही. लांबनंच, अंगणाच्या पलीकडनं बघीन. एकदाच. संध्याकाळी लोहाऱ्याकडं गाडी जाते, तोवर गोदामात, मागल्या ढिगावर—

हेच केलं होतं तिनं. हेच.

दुपार
ताप लई. झरोक्याच्या उजेडात लिहितोय. ढिगाखाली उंदीर. मेलेला. आणखी एक दाराजवळ. तो बशीरला दिसणार. अन् नियम माझाच—

कर्णा. बशीरची हाक. कोन हाय का आत.
गप्प बसलो. ओ दिली तर झोपडी. लेक दिसायची न्हाय.

दुसरी हाक. शेजारचा कापूस दबला. कुणीतरी बसलंय. गंधक—

तिसरी. ओ दिली! बशीर, मी हाय, थांब! घसा फाटेस्तोवर. माझाच आवाज मला ऐकू येईना. कापूस सगळा गिळतोय. बाहेर इंजिन—

म्हणजे तिनंही दिली होती. सकिना, माय माझे, तू ओ दिली होतीस गं. तिन्ही वेळा. अन् मी वहीत—

पाय उचलत न्हाईत. दार लांब. लेकीचं नाव इरम्मावर सोप—

बशीर कर्ण्यातनं, मी शिकवलं तस्सं, मोठ्यानं म्हणतोय, उत्तर न्हा—